पायवाटेला नाव नसतं : सातारा-सांगलीच्या सड्यांवरचा इतिहास

आजचा विषय तसा साधा आहे. पायवाटा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या, डोंगरावरच्या आणि सड्यांवरच्या पायवाटा. इतिहासाच्या व्याख्यानांत राजे येतात, लढाया येतात, ताम्रपट येतात. पायवाटेवर कुणी तासभर बोलावं असं सहसा होत नाही. आम्ही काही जण गेली बरीच वर्षं या भागात चालतोय आणि चालता चालता जी कागदपत्रं, नकाशे, कायदे हाताशी आले ते वाचतोय. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवायचं आहे.

सुरुवात एका फजितीपासून करू. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार आहे. पावसाळा सरता सरता आम्ही तिथं धुक्यात वाट चुकलो. समोर दोन वाटा फुटलेल्या. गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. आम्ही विचारलं, "मावशी, ही वाट कुठली?" ती थांबली, भारा जरा सावरला आणि म्हणाली, "वाट कुठली म्हंजी? तुमास्नी जायाचं कुठं ते सांगा की!"

तेव्हा आम्ही हसलो. नंतर मात्र ते वाक्य डोक्यात बसलं. कारण खरंच आहे, पायवाटेला नाव नसतं. तिला एक ठिकाण असतं आणि एक काम असतं. पाण्याची वाट, देवाची वाट, बाजाराची वाट, मसणवाट. नाव हवं असतं ते परक्या माणसाला. गाववाल्याला काम माहीत असतं. त्यामुळे आज आपण प्रत्येक वाटेला एकच गोष्ट विचारणार आहोत: हिच्यावरून कोण चालत होतं, आणि कशासाठी?

आधी जमीन समजून घेऊ. सह्याद्रीचा हा सगळा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. त्या काळ्या कातळावर, ऊन-पावसानं झिजून तयार झालेला जांभ्या दगडाचा थर टोपीसारखा बसला आहे. त्यामुळे डोंगराचा माथा टोकदार न होता सपाट राहिला. त्यालाच आपल्याकडे सडा म्हणतात. कासचं पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. सड्यावर माती इतकी पातळ, की झाड मूळ धरत नाही. गवत आणि फुलं तेवढी येतात. चवर, तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. वायतुरा नावाची एक पाणवनस्पती आहे, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला अशीच उघडी, गवताळ टेकाडं आहेत. तिथला दगड खडूचा. होय, शाळेतल्या फळ्यावरचा खडू डोळ्यांपुढं आणा, तसाच पांढरा, ठिसूळ. गंमत बघा, तो खडू समुद्राच्या तळाशी साचत होता तो काळ संपत आला, आणि इकडं आपला लाव्हा वाहायला लागला. दगड वेगळा, पण माथ्यावरची माणसाची वागणूक सारखी. तिथंही माती पातळ, तिथंही गवत मेंढरांनी आखूड ठेवलेलं, तिथंही गावं डोंगराच्या पायथ्याला झऱ्यापाशी आणि जुनी वाट मात्र माथ्यावरून. त्या माथ्यावरच्या वाटेला ते 'रिजवे' म्हणतात आणि ती युरोपातल्या फार जुन्या वाटांपैकी एक मानली जाते.

माथ्यावरून का? खाली खोऱ्यात दाट रान, चिखल, नदी-ओढे. वर सगळं उघडं. लांबवर दिसतं, दबा धरून बसायला जागा कमी, आणि एकदा चढलं की मैलोगणती चढ-उतार नाही. कास पठारावरून कुमुदिनी तलावाच्या बाजूनं जी जुनी मातीची वाट मेढा-महाबळेश्वराच्या दिशेनं जाते तिला लोक राजमार्ग म्हणतात. तिच्यावर उभं राहिलं की सडा म्हणजे रस्ताच आहे हे सांगावं लागत नाही. आज तिथं लोक फुलं बघायला जातात आणि पायाखाली रस्ता आहे हे त्यांना कळतही नाही. असो.

आता चालणाऱ्यांकडे वळू. किती मागं जायचं? कराडपासून सुरुवात करू, कारण तिथं लेखी पुरावा आहे. मध्य प्रदेशात भरहुतला जो स्तूप होता, त्याच्या कठड्यावरच्या ब्राह्मी लेखांत 'करहकट' या गावानं दान दिल्याची नोंद आहे. काळ इसवी सनापूर्वीचा. करहकट म्हणजे आपलं कराड, असं अभ्यासक मानतात. विचार करा, कोयना-कृष्णेच्या संगमावरची माणसं तिथपर्यंत पोचली होती, आणि ती काही आगगाडीनं गेली नव्हती. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात जखिणवाडीला साठेक लेणी आहेत. लेणी वाटेच्या आधारानं राहतात, कारण भिक्षूला भिक्षा हवी, व्यापाऱ्याला मुक्काम हवा. पश्चिमेला कुंभार्ली घाटानं खाली चिपळूण, आणि चिपळूणपासून वाशिष्ठीच्या खाडीनं समुद्र. ही कुंभार्लीची वाट म्हणजे या भागाची मुख्य नस.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. गणितज्ञ माणूस, पण पुण्याच्या आसपास पायी हिंडला आणि त्यांनी दाखवलं की गुराख्या-मेंढक्यांच्या वाटा, त्या वाटांवरची जुनी दगडी हत्यारं, आयांची ठाणी आणि बौद्ध लेणी ही सगळी एकमेकांच्या आजूबाजूला पडतात. म्हणजे आधी मेंढरू चाललं, मग व्यापारी, मग भिक्षू, मग राजाचा जकातदार. आम्हांला हे फार पटतं, कारण आजही डोंगरात सगळ्यात सोप्या चढाची वाट हवी असेल तर ढोरवाट धरावी. गुरांना चढ कळतो. आमच्यासारखे शहाणे नाक समोर धरून सरळ चढतात आणि कड्याखाली अडकतात.

या वाटांवरून काय जात होतं? मुख्य म्हणजे मीठ. कोकणात मिठागरं, देशावर धान्य. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. ज्वारी, गूळ, डाळ, मिरची खाली जायची. ही ने-आण करायचे लमाण, आपल्या बैलांच्या तांड्यांनी. गाडी नाही, बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या. त्यामुळे त्या घाटांची रुंदी एका लादलेल्या बैलाची. हे एकदा लक्षात आलं, की डोंगरातल्या खोदीव पायऱ्या, वळणावर रचलेला दगडी बांध, मध्येच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, या सगळ्याचा हिशेब लागतो. १८८५ सालच्या इंग्रजी सातारा गॅझेटियरात घाटांची माहिती आहे; ती वाचताना कुंभार्ली, पार अशा नावांबरोबर वाहतूक कशाची होते हे त्यांनी नेमकं टिपलेलं दिसतं. सरकारला वाट दिसते ती जकातीमुळे.

शब्दही बघा किती आहेत. घाट म्हणजे ओझ्यासकट चढता येईल अशी वाट. नाळ म्हणजे पाण्याच्या घळीतून उतरणारी. निसणी म्हणजे शिडी लावावी लागते ती. खिंड, पाज, ढोरवाट, चोरवाट. आणि खाली शेतात आलं की पाणंद, दोन्ही बाजूंना बांध आणि मधून बैलगाडीपुरती जागा. महाबळेश्वरहून पारला उतरणाऱ्या घाटाचं नावच रडतोंडी. ज्यांनी पाहिलाय त्यांना नावाचं कारण विचारावं लागत नाही. १६५९ साली अफजलखानाची फौज वाईहून याच बाजूनं जावळीच्या खोऱ्यात उतरली. पार गावाजवळ कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे. या वाटांवर पैसा खर्च होत होता, त्याची ही खूण.

किल्ल्यांच्या वाटांवर 'मेट' असायचं. मेट म्हणजे चढाच्या मध्यावरची चौकी. पहारेकऱ्यांची घरं, थोडी शेती, गडावर जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी. किल्ले पडले, पहारा संपला, पण मेटाची वस्ती राहिली. हा शब्द ध्यानात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

आता १८२४ साल. जनरल लॉडविक नावाचा अधिकारी महाबळेश्वरच्या माथ्यावर चढला आणि हवा बघून खूश झाला. इंग्रजी पुस्तकांत त्याला महाबळेश्वरचा शोध लागला असं लिहिलेलं असतं. देऊळ शेकडो वर्षं उभं, कृष्णेचं उगमस्थान म्हणून यात्रा भरते, आणि शोध याला लागला! पण टिंगल बाजूला ठेवली तर एक गोष्ट खरी, की या डोंगरात नुसतं हवेसाठी आणि देखाव्यासाठी चालणाऱ्यांची रांग त्याच्यापासून सुरू होते. १८२६ च्या सुमारास साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यानं छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्याहून वर जाणारा चांगला रस्ता बांधवून घेतला. १८२९ साली खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर कंपनीनं घेतलं. मग एकेका कड्याला 'पॉइंट' म्हणायला सुरुवात झाली आणि त्याला साहेबाचं नाव. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर्स सीट. ज्या जागेला गुराखी कामापुरतं काहीतरी म्हणत असणार, तिला आता नकाशावर नाव आलं. मावशीचं वाक्य आठवा. परक्याला नाव लागतं.

पुढं १८७० च्या दशकात आंबेनळीचा गाडीरस्ता झाला, त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचं नाव. कुंभार्लीतूनही गाडीरस्ता झाला. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे पुरी झाली आणि देशावरचा माल घाट उतरून चिपळूणला जायचा तो गाडीत बसून मुंबईकडे जायला लागला. बैलाच्या पाठीवरचं मीठ परवडेना. तांडे दुसऱ्या कामाला लागले. पन्नासेक वर्षांत कित्येक घाट ओस पडले. कुणी बंद केले नाहीत, काम संपलं. हातलोट, मळा घाट, तिवऱ्याचा घाट ही नावं आज गिर्यारोहकांच्या तोंडी आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती बाजाराला जाणाऱ्यांच्या तोंडी होती.

काही वाटा मात्र बंद केल्या गेल्या, आणि इथं जरा थांबायला हवं. १८७८ चा वन कायदा आणि मग १९२७ चा भारतीय वन अधिनियम. या १९२७ च्या कायद्याचं कलम २५ बघा. राखीव जंगलातली कोणतीही सार्वजनिक वा खाजगी वाट वन अधिकाऱ्याला सरकारच्या मंजुरीनं बंद करता येते. अट एवढीच, की सरकारच्या मते सोयीची अशी दुसरी वाट असली पाहिजे. सोयीची कुणाला, तर सरकारच्या मते. हा कायदा आजही लागू आहे. डोंगरातल्या माणसाला जंगल म्हणजे लाकूड, चारा, मध, देव. त्यात जायची वाट एका कागदानं परवानगीची झाली.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आपल्याकडे समुद्र नव्हता, म्हणून जंगल सत्याग्रह झाला. शिराळा तालुक्यातलं बिळाशी हे त्यातलं ठळक गाव. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा एकच होता. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याचा १९६० साली सांगली जिल्हा झाला. म्हणून आम्ही या दोन जिल्ह्यांचं एकत्र बोलतोय. डोंगराला ती वाटणी ठाऊक नाही. बिळाशीच्या लोकांनी राखीव रानातला साग तोडून त्यावर झेंडा लावला. आम्ही तो प्रसंग वाटेच्या हक्काशी जोडतो. ज्या रानात बापजादे बिनदिक्कत जात होते, तिथं पाऊल टाकणं गुन्हा झाला होता. त्या पावलाचा तो सत्याग्रह होता.

मग १९४३ ते १९४६ चं प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी. १९४३ च्या जून महिन्यात शेणोलीला रेल्वे लुटली ती हकिकत सगळ्यांना पाठ असते. पण एवढी माणसं तीन-चार वर्षं पोलिसांच्या हाती न लागता राहिली कशी? पाणंदीतून, ओढ्याच्या कडेनं, रात्रीची, या गावच्या शिवारातून त्या गावच्या शिवारात. पोलिसांकडे मोटाररस्त्याचा नकाशा होता, यांच्याकडे पायवाटा. कुंडल, देवराष्ट्रे, सागरेश्वरचा डोंगर हा सगळा त्यांच्या पायाखालचा मुलूख. सागरेश्वर तेव्हा बोडका होता. पुढं धों. म. मोहिते यांच्या खटपटीनं तिथं झाडं वाढली आणि १९८५ साली ते अभयारण्य झालं. माणसानं उभं केलेलं जंगल, अशी त्याची ख्याती आहे. चांगलंच झालं ते. फक्त आता तिथल्या वाटेवर फाटक आहे.

फाटकांपेक्षा मोठी गोष्ट पाण्याची. कोयना धरण १९६४ साली पुरं झालं. हेळवाकजवळच्या भिंतीपासून मागं तापोळ्यापर्यंत पाणी पसरलं. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सांगलीला, कुणी सोलापूरला, कुणी रायगड-ठाण्याकडे. त्यांतल्या कित्येकांची पुनर्वसनाची आंदोलनं अर्ध्या शतकानंतरही चालूच राहिली. आपल्याला वीज मिळाली, ती अशी. पण धरणाच्या इतिहासात एक गोष्ट लिहिली जात नाही, ती अशी की गावं बुडाली तेव्हा नदीकाठच्या सगळ्या वाटाही बुडाल्या, आणि जी गावं वर राहिली ती एकमेकांपासून तुटली. समोरच्या काठावर सोयरीक केलेली, तासाभराची चाल. आता लाँचची वाट बघायची, नाहीतर पाण्याला सगळा वळसा.

वासोट्याचं उदाहरण घेऊ, कारण इथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी तिथं जाऊन आले असतील. हा किल्ला म्हणजे व्याघ्रगड. पेशवाईत ताई तेलिणीनं बापू गोखल्यांशी झुंज दिली ती इथंच. १८१७-१८ च्या धामधुमीत हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी इथं कैदेत होते. कैद्याला ठेवायला अशी जागा निवडायची की वाट एकच असावी आणि ती पहाऱ्यात असावी. म्हणून पायथ्याशी मेट. मेट इंदवली. मगाशी सांगितलेला शब्द तो हा.

आज काय होतं? बामणोलीला जायचं, वनखात्याची परवानगी काढायची, शुल्क भरायचं, बोटीत बसायचं. बोट तास-दीड तास चालते. खाली, बोटीच्या तळाखाली, जुनी वाट आहे. उतरलं की मेट इंदवलीची जागा. घरांचे चौथरे, तुळशीवृंदावन, आणि तिथून गडाची वाट. माणसं नाहीत. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, चांदोलीही त्याच वर्षी. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. धरणानं अर्धी माणसं उठवली, अभयारण्यानं उरलेल्यांतली बरीचशी. चांदोलीच्या बाजूला, वारणेच्या खोऱ्यात, प्रचितगडाकडं जाणाऱ्या वाटांची तीच गत.

आम्ही वाघाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. रान राखलं गेलं म्हणून तर आज बघायला मिळतंय. पण अडचण होते ती अशी. गडावर जाणारा तरुण घरी येऊन लिहितो, 'निर्मनुष्य, अस्पर्श जंगल'. अस्पर्श? अहो, तुम्ही ज्या पायरीवर पाय ठेवला ती कुणी रचली? कलमी आंब्याचं झाड रानात आपोआप येतं का? त्या रानात दोनशे-तीनशे वर्षं माणसं राहत होती आणि त्यांना जाऊन दोन पिढ्याही झालेल्या नाहीत. शिवसागराचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की जुने जोते उघडे पडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात आम्हांला एक कुटुंब भेटलं. सोलापूरकडं वसवलेलं, ग्रामदेवतेला नारळ द्यायला आलेलं. आजोबा चिखलात उभे राहून नातवाला हातानं दाखवत होते, की हितनं असं वर, मग आंब्याखालनं, मग शाळा. नातू मोबाइलवर फोटो काढत होता. तो फोटोही चिखलाचाच आला असेल. वाट आजोबांच्या हातात होती.

वासोट्याच्या पुढं नागेश्वरची गुहा आहे. महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याकडून माणसं चढून येतात. पर्यटक बोटीनं, भाविक पायी. एकाच जागी दोन काळ भेटतात म्हणा ना.

कोयनेचं ऐकून मन जड झालं असेल, तर आता जरा पूर्वेकडं जाऊ. माण, खटाव, आटपाडी, जत. इथं पाऊस नाही आणि इथं वाटा मेल्याही नाहीत. दिवाळी झाली की धनगरांची बिऱ्हाडं निघतात. मेंढरं, घोड्यावर संसार, वर बांधलेली कोंबडी. काही घाट उतरून कोकणात, काही नदीकाठच्या गावांना, जिथं शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतो. पाऊस तोंडावर आला की परत माळावर. यांचं वर्ष म्हणजेच वाट. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाची यात्रा भरते, तिथं ही सगळी वाट एका ठिकाणी जमते. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या ऋतुमानानुसार चराईच्या हक्काचा उल्लेख आहे. कागदावर तो आला हेही नसे थोडके. पण हल्ली दर वर्षी एखादा माळ कमी झालेला असतो. कुठं द्राक्षबागेचं कुंपण, कुठं पवनचक्क्या, कुठं चौपदरी रस्ता. मेंढरांचा कळप घेऊन दुभाजक ओलांडून बघा एकदा.

शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चैत्रात शंभूमहादेवाची यात्रा. सासवडच्या बाजूनं कऱ्हेच्या पाण्याच्या कावडी निघतात, त्यांतली तेल्या भुत्याची कावड मानाची. डोंगराला बारा महिने दुसऱ्या बाजूनं रस्ता आहे, गाडी थेट वर जाते. तरी द्वादशीला कावड चढते ती मुंगी घाटानंच. उभा कडा, तापलेला दगड, आणि माणसांच्या हातांची साखळी करून ती जड कावड वर सरकवतात. सोय बघितली तर या वाटेची काडीची गरज नाही. पण तिचं काम संपलेलं नाही, कारण तिचं काम पोचणं नाहीच, चढणं आहे. म्हणून ती जिवंत.

पालखीची वाट तर आणखी निराळी. माउलींच्या पालखीला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर साताऱ्याजवळच्या आरफळचे. नीरा स्नान, लोणंद, तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण, फलटण, बरड. ही पायवाट इतकी चालली गेली की तिचा महामार्ग झाला. वारकऱ्यांसाठी रस्ता रुंद झाला आणि कडेची जुनी झाडं गेली. आषाढात पाऊस नसला तर सावली कुठं शोधायची, हा प्रश्न चालणाऱ्याला विचारा, गाडीतल्याला नको.

आता कायद्याकडे, कारण व्याख्यानानंतर लोक नेहमी विचारतात, "मग करायचं काय?"

इंग्लंडचं उदाहरण पुन्हा घेतो. तिथंही जमीनदारांनी शिकारीसाठी माळ बंद केले होते. १९३२ साली किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले. काहींना तुरुंगवास झाला. १९४९ साली कायदा झाला आणि गावोगावच्या पायवाटांची पक्की नोंद नकाशावर करायचं ठरलं. शेत खाजगी असलं तरी त्यातून जाणारी नोंदलेली वाट सगळ्यांची. शेतकऱ्यानं ती मोडायची नाही. 'एकदा वाट ती कायमची वाट' असं त्यांचं जुनं तत्त्वच आहे. आज इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. खडूच्या त्या टेकाडांवर एखाद्या खेड्याभोवती दहा वाटा असतील तर दहाही कागदावर असतात. त्यांच्याकडं सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही. पण वाट ही वस्तू त्यांच्या दप्तरात आहे.

आपल्या दप्तरात नाही का? आहे, फार जणांना माहीत नसतं एवढंच. तुमच्या गावचा गाव नकाशा काढा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. ज्यानं कुणी शंभर वर्षांपूर्वी साखळी ओढत मोजणी केली, त्यानं त्या टिंब-टिंब रेषा मारून ठेवल्या आहेत. शेतावर जायला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे, बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला. चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. पण अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. आणि वीस वर्षं बिनतक्रार वापर असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं वहिवाटीचा हक्क. 'वहिवाट' हा शब्द बघा कसा आहे. त्यात वाट आहेच. चालत राहाल तोवर तुमची.

मात्र हे सगळे कायदे शेतकऱ्याच्या शेतवाटेसाठी आहेत. सड्यावरच्या, दोन खोऱ्यांना जोडणाऱ्या, मिठाच्या, मेंढरांच्या वाटेला यांतलं काही पुरं लागू पडत नाही. ती कुणाच्याच शेताला जात नाही. ती वाट जंगलात गेली तर वनखातं, धरणात गेली तर पाटबंधारे, पठारावर गेली तर पवनचक्कीची कंपनी नाहीतर बंगल्यांचे प्लॉट. वंकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्या आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी रुंद रस्ते झाले. गावांना फायदा झालाच, एसटी वर आली. पण जुन्या वाटा त्या रस्त्यांनी कुठं कुठं तोडल्या, ते कुणी मोजलं नाही.

कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. गर्दी आली, तिकीट आलं, जाळीचं कुंपण आलं. मग काही वर्षांनी लोक म्हणू लागले की गुरं आत येईनाशी झाली, गवत माजलं, फुलं कमी झाली. पुष्कळ वाद झाले आणि कुंपण काढलं. आमचं मत विचाराल तर फुलांचं नेमकं कारण वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगावं. पण सड्यावर गुरं आणि गुराखी हे फुलांइतकेच जुने रहिवासी आहेत, एवढं इतिहासावरून म्हणता येतं. खडूच्या टेकाडांवरही मेंढरं हटली की काटेरी झुडूप माजतं, असाच अनुभव आहे.

ट्रेकवाल्यांना, म्हणजे आम्हांलाही, एक सांगायचं आहे. दगडावर रंगाचे बाण मारू नका. बाण आला की गावातला माणूस विचारायची गरज उरत नाही, आणि वाटेची माहिती त्याच माणसाजवळ आहे. गावात पोचलात की वयस्कर मंडळींकडं बसा. मीठ कुठून यायचं विचारा, आजीचं माहेर कुठलं आणि ती कुठल्या घाटानं नांदायला आली ते विचारा. घाटाखालून वर आलेल्या बायका सगळ्यात नेमकी वाट सांगतात, हा आमचा अनुभव. माहेरची वाट कुणी विसरत नाही.

शेवटी चाळकेवाडीच्या त्या दोन फाट्यांचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही नंतर त्या भागातल्या दोन शेजारच्या गावांचे नकाशे काढले. एका नकाशावर आमची वाट होती, एकेरी तुटक रेषा, ओढा ओलांडून थेट शिवेपर्यंत. शिवेवर नकाशा संपला. मग दुसऱ्या गावचा नकाशा शेजारी लावला. त्यावर ती नव्हतीच. मोजणीदार बदलला असेल, किंवा त्या दिवशी धुकं असेल. पुढच्या फेरीला आम्ही दोन्ही कागद घेऊन शिवेच्या दगडापाशी गेलो. दगडाच्या अलीकडं वाट होती, आणि पलीकडंही होती, चांगली मळलेली, शेणानं भरलेली. आता काही प्रश्न असतील तर विचारा.